उजेड कुणाच्या हातात?

गेल्या वर्षी वस्तीतल्या एका बाईला आमच्या अहवालात छापलेला तिचाच फोटो दाखवला. रेशनसाठी सगळ्या गल्लीला घेऊन तहसीलवर धडकलेली ही बाई. फोटो बघून म्हणाली, "ताई, चोरी करताना धरल्यावानी दिसायले मी." खरंच होतं. कपाळ चकाकतंय, डोळे विस्फारलेले, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. फोटो मीच काढला होता, फ्लॅश थेट तोंडावर मारून.

तेव्हा कॅमेऱ्याला बाहेरून लावायचा फ्लॅश नीट शिकायचं ठरवलं. त्याचं डोकं पांढऱ्या छताकडे वळवलं की उजेड पसरून, मऊ होऊन चेहऱ्यावर येतो. पण वस्तीत छत पत्र्याचं, भिंती निळ्या-हिरव्या. तिथून परतणारा उजेड भिंतीचा रंग घेऊन येतो. मग शेजारणीला बाजूला पांढरी चादर धरायला सांगायची आणि फ्लॅश चादरीकडे वळवायचा. पांढऱ्या भिंतीपुढे सावळी बाई उभी असली की ऑटोवरचा कॅमेरा भिंतीला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. तेव्हा फ्लॅशची ताकद थोडी वाढवावी लागते. ती बाईला गोरं करण्यासाठी नव्हे, आहे तशी दिसावी म्हणून. आणखी एक : अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. म्हणून बैठकीच्या फोटोत पुढच्या बाया पांढऱ्याफटक आणि मागच्या अंधारात. मागच्या रांगेत कोण बसतं, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

काहीजणी म्हणतील, बायकांचे इतके प्रश्न जळत असताना हे काय फ्लॅशचं कौतुक! पण आपल्या अहवालांतून, पोस्टरांतून जग या बायांना बघतं. लढणारी बाई तिथे कायम भेदरलेली, बिचारी दिसत असेल, तर तो अन्याय आपल्याच हातून होतो. आणि यंत्राचं काम आलं की आपणही कॅमेरा कुणाच्या तरी भावाच्या हातात देऊन मोकळ्या होतो. होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) साडी नेसून अवजड कॅमेरे घेऊन फिरल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पद्मविभूषण मिळाला तो २०११ साली, नव्वदी उलटल्यावर.

आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश मारायला बंदी आहे, चित्रांचे रंग जपायचे म्हणून. ते योग्यच आहे. मग समोरच्या जिवंत बाईच्या तोंडावर न विचारता उजेड मारायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

माझं म्हणणं एवढंच : प्रत्येक गटातल्या निदान दोघी कार्यकर्त्यांनी हे शिकून घ्यावं. आधी विचारावं, फोटो तिला दाखवावा, ती निवडेल तोच छापावा. नको म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाकावा. त्या बाईचा फोटो मी नंतर पुन्हा काढला. पाचातला एक तिने स्वतः निवडला. या वर्षीच्या अहवालात तोच आहे.