तारेखालचें शेत आणि सरकारचें मोजमाप

सूर्यप्रकाशापासून वीज काढण्याचे प्रकल्प आपल्या शिवारांत उभे राहूं लागले, ही समाधानाची गोष्ट होय. २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतु शेतकऱ्यास दिवसां वीज मिळावी हा आहे. आणि रात्रीं विंचू-काट्यांतून दारें धरावयास जाणें ज्याच्या नशिबीं आलें, त्यास या हेतूचें मोल सांगावयास नको. तथापि सौर व पवन ऊर्जेच्या मोठ्या प्रकल्पांची वीज दूरवर न्यावयाची, तर उच्चदाबाच्या तारा कोणाच्या तरी शेतावरूनच जाणार. तेथें शेतकऱ्याच्या मनांत भय उत्पन्न होतें.

हें भय सर्वस्वीं खुळें आहे असें म्हणून चालणार नाहीं. तारेभोंवतीं दोन क्षेत्रें असतात. विद्युत्क्षेत्र दाबावर अवलंबून असतें. ४०० किलोव्होल्टच्या तारेखालीं रबरी चाकांवर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पत्र्यास हात लावला असतां झिणझिण्या येतात त्या यामुळेंच. लांबलचक तारेच्या कुंपणास जमिनींत आर्थिंग दिल्यास हा उपद्रव टळतो. चुंबकीय क्षेत्र वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असतें व अंतराबरोबर झपाट्यानें क्षीण होतें. जनतेसाठीं त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळानें २०१० सालीं २०० मायक्रोटेस्ला सुचविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००२ सालीं या क्षेत्रास ‘कदाचित् कर्करोगकारक’ अशा वर्गांत घातलें, पण कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असें म्हटलें नाहीं. तात्पर्य, घाबरून जाण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र मोजून पाहण्याजोगें अवश्य आहे.

याहून निकट धोका दुसराच आहे. ४०० किलोव्होल्टची तार जमिनीपासून किमान सुमारें ८.८ मीटर, म्हणजे एकोणतीस फूट, उंच हवी. तुषारसिंचनाचा वीस फुटी ॲल्युमिनियमचा नळ खांद्याच्या उंचीवर उभा धरला, तर त्याचें टोंक पंचवीस फुटांवर जातें. आणि इतक्या दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाहीं. तार झोळ पडून कांहीं फूट जरी खालीं आली, तरी काय प्रसंग ओढवेल हें उघड आहे.

विद्युत् अधिनियम, २००३ यानें सुरक्षिततेचे नियम करण्याचें काम केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाकडे सोंपविलें आहे, व त्याचे सुधारित नियम २०२३ सालीं आले. अशी मोठ्या दाबाची तार चालू होण्यापूर्वीं विद्युत् निरीक्षकाची तपासणीही होते. परंतु कागदावरील दाखल्यानें बांधावरच्या माणसाची शंका फिटत नाहीं. मोबदल्यानेंही फिटत नाहीं. ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीस मूल्याच्या दुप्पट व तारेखालील पट्ट्यास तीस टक्के मोबदला सांगितला आहे. पण तो जमिनीचा झाला, जिवाच्या निश्चिंतीचा नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, तारेची उंची आणि दोन्ही क्षेत्रें शेतकऱ्यासमक्ष मोजावीं, व आंकडे मराठींत लिहून त्याच्या हातीं द्यावे. हें मोजमाप सकाळच्या गारव्यांत न करतां वैशाखांतील भर दुपारीं करावें. सौर प्रकल्पाच्या तारेंतून सर्वांत अधिक प्रवाह तेव्हांच वाहतो, तार तापून तेव्हांच खालीं झुकते, आणि दिवसां वीज मिळूं लागल्यावर शेतकरीही त्याच वेळीं तिच्याखालीं उभा असणार. प्रत्येक गांवच्या सभासदांनीं ग्रामसभेंत तसा ठराव करून तो जिल्ह्याच्या विद्युत् निरीक्षकाकडे पाठवावा. सूर्याच्या विजेस आमचा विरोध नाहीं. तिच्या छायेखालीं राबणाऱ्यास तिचें खरें माप कळावें, एवढेंच आमचें मागणें आहे.