जुळी बाळे आणि आजीची ऊब



गरोदर सुनेला आपण ‘दोन जिवांची’ म्हणतो. सोनोग्राफीत जुळे दिसले की ती तीन जिवांची होते. घरात आनंद होतो, जुळी केळी खाल्ल्याची थट्टाही होते. मात्र त्याच दिवसापासून वडीलधाऱ्यांचे काम वाढते.

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात व वजनाने कमी भरतात. आईला रक्तक्षयाचा आणि रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो. गर्भाशय फार ताणलेले असल्याने प्रसूतीनंतर ते नीट आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे बाळ कधी आडवे होते, त्यामुळे त्याला पहिल्यापेक्षा धोका जास्त. हे सारे श्रीमंत देशांतही घडते. परंतु साधने अपुरी असतात तेथे मदत पोहोचेपर्यंत वेळ निघून जातो.

आपल्या माण तालुक्यात हा वेळ म्हणजे अंतर. दहिवडीहून साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय सुमारे ६५ किलोमीटर. म्हसवडकरांना त्याहून लांब. म्हणून बाळंतपण कोठे करावयाचे, सोबत कोण जाणार, रक्त लागल्यास कोण देणार, हे सातव्या महिन्यापूर्वीच ठरवावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत जरूर पाळावी; पण माहेराजवळ शस्त्रक्रियेची, रक्ताची आणि नवजात बाळाच्या विशेष उपचारांची सोय आहे का, हे आधी पाहावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ती चुकवू नये. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि ने-आण विनामूल्य असते.

बाळे घरी आली की प्रश्न उरतो उबेचा. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत असताना डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधण्यास आरंभ केला. हीच ‘कांगारू’ पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच अशी ऊब मिळालेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आई नसेल तेव्हा घरातील दुसऱ्या व्यक्तीनेही बाळाला छातीशी धरले होते.

जुळ्यांच्या आईला छाती एकच. एक बाळ दूध पीत असताना दुसरे आजीच्या, मावशीच्या किंवा वडिलांच्या छातीशी असावे. बाळाला केवळ लंगोट, टोपी व मोजे घालावेत. मान एका कुशीला वळवून त्याला उभे धरावे, वर स्वच्छ कापड गुंडाळावे. नाक-तोंड सतत दिसले पाहिजे. ताप, खोकला किंवा त्वचारोग असणाऱ्याने बाळ घेऊ नये. घुटी, मध, शेगडीचा धूर टाळावा. आईचे दूध दर दोन-तीन तासांनी द्यावे. दोहोंत एक मुलगी असेल तर तिची पाळी मागे पडू देऊ नये.

बाळ ओढून पिईनासे झाले, अंग गार पडले, श्वास जलद झाला किंवा ओठ निळे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा व जाताना बाळाला छातीशी धरूनच न्यावे. रुग्णालयातून सुटी मिळण्यापूर्वी परिचारिकेकडून ही पद्धत आजीने स्वतः करून शिकून घ्यावी, एवढी माझी विनंती आहे.