शहिदांचे नाव, आणि कायदा मात्र आपल्यावर

२६ नोव्हेंबरला आपल्या वस्त्यांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते. त्याच दिवशी चौकाचौकांत मुंबई हल्ल्यातील शहिदांना श्रद्धांजली वाहिली जाते. १९४९ साली या तारखेला संविधान स्वीकारले गेले आणि २००८ साली याच तारखेला मुंबईत सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. दोन्ही आठवणी आपल्याच आहेत. प्रश्न असा आहे की सत्ताधाऱ्यांनी दुसरी आठवण पुढे करून पहिलीला कात्री लावली, ती आपल्याला दिसते का?

हल्ल्यानंतर तीन-चार आठवड्यांतच, १७ डिसेंबर २००८ रोजी लोकसभेने यूएपीए दुरुस्ती आणि एनआयए कायदा मंजूर केला. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही केला. तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते. आरोपपत्राविना कोठडीत ठेवण्याची मुदत १८० दिवसांपर्यंत नेली गेली. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही, अशी तरतूद आली. २०१९ मध्ये भाजप सरकारने पुढचे पाऊल टाकले. आता संघटनेप्रमाणे एखाद्या व्यक्तीलाही सरकार दहशतवादी घोषित करू शकते. पक्ष बदलले, कायद्याची दिशा तीच राहिली.

त्याच २०१९ सालच्या फेब्रुवारीत पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले. त्यात दोन आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे होते, एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातील चोरपांग्र्याचा. सगळा जिल्हा रडला. दोन महिने होत नाहीत तोच लातूर जिल्ह्यातील औशाच्या सभेत पंतप्रधानांनी पहिल्यांदा मतदान करणाऱ्या तरुणांना आवाहन केले, की तुमचे मत पुलवामाच्या शहिदांना समर्पित होऊ शकते का? शेतकऱ्यांच्या पोरांचा मृत्यू मतपेटीपर्यंत असा पोहोचवला जातो. निवडणूक संपली आणि ऑगस्टमध्ये यूएपीएची नवी दुरुस्ती संसदेत मंजूर झाली.

मग हा कायदा चालला कुणावर? डॉ. आनंद तेलतुंबडे यवतमाळ जिल्ह्यातले, जातिव्यवस्थेचे अभ्यासक, बाबासाहेबांचे नातजावई. १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, त्यांना एल्गार परिषद प्रकरणात एनआयएपुढे हजर व्हावे लागले. खटला सुरू होण्याआधीच त्यांनी अडीच वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की दहशतवादी कृत्यातला त्यांचा सहभाग प्रथमदर्शनी दिसत नाही. तळोजा तुरुंगातून ते बाहेर आले ती तारीख होती २६ नोव्हेंबर २०२२. याच प्रकरणातील ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी पार्किन्सनने आजारी होते. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला, खटला उभाच राहिला नाही.

सरकारनेच संसदेत दिलेला आकडा पाहा. २०१६ ते २०१९ या काळात यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जण दोषी ठरले. बाकीचे सगळे निर्दोष सुटले असा याचा अर्थ नाही, कारण खटले वर्षानुवर्षे पडून राहतात. पण जामीन मिळत नसेल आणि खटलाही चालत नसेल, तर निकालाआधीचा तुरुंग हीच शिक्षा होते.

काही मित्र म्हणतील, कडक कायदा नसता तर दहशतवाद्यांना पकडणार कसे? कसाबला पकडले ते तुकाराम ओंबळेंनी, हातात फक्त लाठी असताना, छातीवर गोळ्या झेलून. डिसेंबर २००८ ची दुरुस्ती तेव्हा जन्मालाही आली नव्हती. खून आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे हे त्याच्यावरचे मुख्य आरोप जुन्या दंडविधानातलेच होते. त्याला वकील मिळाला, पुरावे मांडले गेले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि चार वर्षांत सगळे पूर्ण झाले. राम प्रधान समितीने हल्ल्याच्या वेळच्या उणिवा दाखवल्या, त्या पोलिसांची शस्त्रे, सराव आणि समन्वय यांतल्या. कमी पडली ती तयारी, आणि सरकारने वाढवला तो तुरुंग.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारू नये. २००६ मध्ये खैरलांजीच्या विरोधात आपला समाज विदर्भभर रस्त्यावर उतरला, तेव्हाही त्या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची भाषा झाली. माणसे मारली गेली आपली आणि संशयही आपल्यावरच! जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचे कारण दाखवून आणलेल्या या विधेयकानुसार सरकार एखादी संघटना बेकायदेशीर ठरवू शकते. मग तिच्या बैठकीला जाणे, तिला वर्गणी देणे हाही गुन्हा ठरतो. गायरानाच्या जमिनीसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्याने 'आपल्याला काय त्याचे' म्हणणे परवडणारे नाही.

बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत आजचे कलम २२ मांडले. अटकेचे कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे, हे खरे. पण तिलाही मुदतीचे आणि सल्लागार मंडळाचे कुंपण घातलेले आहे. फाळणीच्या दंगली नुकत्याच होऊन गेल्या होत्या, तरी सरकारच्या हाती मोकळी तलवार द्यायची नाही, हा त्यामागचा विचार होता.

म्हणून येत्या २६ नोव्हेंबरला शहिदांना अभिवादन करूच, उद्देशिकाही वाचू. त्यासोबत गावोगावच्या विहारांत कलम २२ मोठ्याने वाचावे आणि तरुणांना समजावून सांगावे. अटक झाली तर काय विचारायचे, कुणाला फोन करायचा, कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे प्रत्येक तालुक्यात किमान दहा जणांना तोंडपाठ हवे. आणि आमदार दारात आले की विचारा, जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी तुम्ही काय बोललात?

जयभीम!