विमान बदनाम का होते?

मिग-२१ हे नाव काढले की ‘उडती शवपेटी’ हे शब्द पाठोपाठ येतात. हे सोव्हिएत बनावटीचे लढाऊ विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आले. पुढे ते नाशिकजवळ ओझरला बनू लागले. १९७१ च्या युद्धात त्याने नाव कमावले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याला निरोप देण्यात आला. मधल्या बासष्ट वर्षांत चारशेहून अधिक मिग-२१ कोसळली.

विमान अवघड होते, यात शंका नाही. इंजिन एकच, ते बंद पडले की दुसरा आधार नाही. पंख लहान, म्हणून उतरतानाही वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. नवी विमाने यायला उशीर झाला, तशी जुनी अधिक काळ उडत राहिली.

पण आणखी एक कारण होते. संथ विमानावर शिकलेला विशी-बाविशीचा मुलगा थेट मिगवर जात असे. मधली पायरीच नव्हती. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, असे ला फाँतेन समितीने १९८२ सालीच सुचवले होते. ‘हॉक’ हवाई दलात दाखल झाले २००८ मध्ये. तोवर अनेक अपघातांवर ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडला.

चौथीच्या मुलाला दहावीच्या परीक्षेला बसवले आणि तो नापास झाला, तर दोष त्याला द्यायचा? आधी मधले वर्ग कुणी भरवले नाहीत, ते विचारायला हवे.