उष्ट्याचा भार कोणाच्या शिरावर?

अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजात ताटात उष्टे टाकणे हा आजही दोष समजला जातो. शेवटचे शीत वेचून मगच पानावरून उठण्याची शिस्त मुलाबाळांना लावणारी वडीलधारी मंडळी घरोघरी आहेत. मात्र हाच समाज मंगल कार्यालयाच्या वा उपाहारगृहाच्या दारात शिरला, की हा संस्कार पादत्राणांसोबत बाहेरच राहतो. लग्नसराईत शेवटची पंगत उठली की कार्यालयाच्या मागच्या दाराशी पिंपे भरू लागतात. मसालेभात, पुऱ्या, जिलब्या, कोशिंबीर आणि त्यांतच कालवलेले कागदी पेले व प्लास्टिकचे चमचे. पहाटे कचऱ्याची गाडी येते, पिंपे उपडी होतात आणि यजमान, आचारी व कार्यालयाचे चालक या तिघांच्याही दृष्टीने विषय संपतो. वस्तुतः तो तेथे सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के वाटा घरांचा, २८ टक्के उपाहारगृहे, खानावळी यांसारख्या अन्नसेवा व्यवसायांचा आणि १२ टक्के किरकोळ विक्रीचा होता. कोट्यवधी घरांच्या सवयी बदलण्याचे काम पिढ्यांचे आहे. व्यवसायांचे तसे नाही. त्यांची संख्या मोजकी, पत्ते नोंदलेले आणि परवाने शासनाच्या हाती. शासकीय धोरणाचा हात सर्वांत आधी पोहोचू शकतो तो येथेच.

तो का पोहोचला पाहिजे, हेही समजून घ्यावयास हवे. शिजवलेले अन्न जमिनीवर उघड्यावर पडले तर माती होते. पण कचऱ्याच्या डोंगराखाली गाडले गेले की हवेवाचून कुजते आणि मिथेन वायू निर्माण करते. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. त्याने आगी लागतात. कुजलेल्या अन्नाचे काळे पाणी झिरपत विहिरींपर्यंत जाते. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला गेला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. पुढच्याच महिन्यात कचऱ्याची व्यवस्था नसताना नव्या इमारती कशा उभ्या राहणार, असा प्रश्न करीत उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांवर निर्बंध घातले.

शहराच्या उष्ट्याची ही किंमत शहराबाहेरची गावे मोजतात. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांवर वर्षानुवर्षे आंदोलने करण्याची वेळ आणली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळील नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा शहराचे रस्ते कित्येक आठवडे कचऱ्याने भरले. ज्यांनी त्या पंगतीत घासही घेतला नाही, त्यांच्या पाण्यात ते उष्टे का मिसळावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणत्याही महापालिकेने दिलेले नाही.

नियम नव्हते असे नाही. नागरी घनकचऱ्याचे नियम २००० सालीच झाले. ८ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या नव्या नियमांनी दररोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांना 'मोठे कचरानिर्माते' ठरवले आणि सर्व उपाहारगृहांनी एका वर्षाच्या आत ओला कचरा वेगळा करावा, शक्यतो आपल्याच आवारात त्याचे खत वा वायू करावा, असे सांगितले. मुंबई महापालिकेने त्यासाठी २ ऑक्टोबर २०१७ ही मुदत दिली. नोटिसा निघाल्या, मुदती वाढल्या आणि कचऱ्याच्या गाड्यांचा रस्ता बदलला नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नियमांनी मोठ्या कचरानिर्मात्यांवरील जबाबदारी आणखी स्पष्ट केली आहे. परंतु दोन वेळा नियम कागदावर राहिल्यानंतर तिसऱ्या वेळी तो जमिनीवर कसा उतरणार, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. तेथील अनेक राज्यांनी मोठ्या व्यवसायांना अन्नाचा कचरा भूमिभरावात टाकण्यास बंदी केली. अशा पहिल्या पाच राज्यांचा अभ्यास २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकूण कचऱ्यात १० ते १५ टक्के घट होईल, अशी शासनांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाचांपैकी चार राज्यांत लक्षणीय घट आढळलीच नाही. अपवाद एकट्या मॅसॅच्युसेट्सचा. या राज्याने १ ऑक्टोबर २०१४ पासून आठवड्याला एक टन वा अधिक अन्नकचरा करणाऱ्यांना बंदी लागू केली आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून ती मर्यादा अर्ध्या टनावर आणली. यशाची कारणे तीन सांगितली जातात. नियम सोपा आणि सवलतींच्या पळवाटांवाचून होता. खतनिर्मिती केंद्रे पुरेशी आणि जवळ असल्याने कचरा वेगळा देणे परवडत होते. आणि तपासनीस खरोखरच दारात येत होते. या तीन पायांपैकी एक जरी लुळा पडला तरी धोरण उभे राहत नाही, हा त्याचा बोध.

यासाठी सातासमुद्रापलीकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. पुण्यश्लोक अहल्यादेवींच्या होळकर संस्थानचे इंदूर शहर २०१७ पासून देशातील स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले आले, ते केवळ रस्ते झाडून नव्हे. तेथे घरांप्रमाणेच दुकाने आणि उपाहारगृहे यांच्या दारातच ओला-सुका कचरा वेगळा घेण्याची शिस्त लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथे दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला सुमारे १७ हजार किलो वायू आणि १०० टन खत देण्याची त्याची क्षमता असून त्या वायूवर शहराच्या बसगाड्या धावतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रकल्पाच्या आधी वर्गीकरणाची सवय लागली होती. अनेक ठिकाणी याच्या उलट घडते. यंत्र आधी येते, उद्घाटनाची फीत कापली जाते आणि मिसळलेला कचरा पोटात गेल्यावर ते यंत्र आजारी पडते.

महाराष्ट्रात ज्ञानाची वाण तर मुळीच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून वायू व खत देणारे 'निसर्गऋण' तंत्र विकसित केले; २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने घरगुती खरकट्यावर चालणारे छोटे वायुसंयंत्र सिद्ध केले आणि २००६ साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय ॲशडेन पुरस्कार मिळवला. जे तंत्र जगाने गौरवले, त्याच्या जन्मभूमीत खरकटे अजून डोंगरावरच जावे, ही शोभादायक गोष्ट नव्हे.

मग शासनाने काय करावे? सर्वप्रथम, सर्व भार एकट्या उपाहारगृहचालकावर टाकणे सोडावे. दादर वा गिरगावात चिंचोळ्या जागेत खानावळ चालवणाऱ्याने आवारात खताचा हौद कोठे बांधावा? त्याच्याकडून वर्गीकरणाचा कडक आग्रह धरावा. प्रक्रियेचे केंद्र मात्र प्रभागात, सामाईक असावे. दुसरे, कचऱ्याचे शुल्क वजनावर असावे. दक्षिण कोरियाने २००५ साली अन्नकचरा थेट जमिनीत गाडण्यास बंदी केली आणि २०१३ पासून टाकणाऱ्याकडून वजनाप्रमाणे पैसे घेण्याची पद्धत देशभर रुजवली. जो अधिक टाकील तो अधिक मोजील, हे तत्त्व व्यापाऱ्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटते. तिसरे, परवान्याचे नूतनीकरण ओल्या कचऱ्याच्या पावत्यांशी जोडावे आणि तपासणीचा निकाल जाहीर लावावा. चौथे, जे अन्न खाण्याजोगे उरते ते कचरा होण्याआधीच गरजूंपर्यंत जावे. त्यासाठीचे अन्नसुरक्षेचे नियम २०१९ पासून अस्तित्वात आहेत. त्यांची माहिती प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दर्शनी भागी असावयास काय हरकत आहे?

या सर्वांत एक माणूस सहज विसरला जातो. मिसळलेल्या कचऱ्यात हात घालून तो निवडणारा सफाई कामगार आणि कचरावेचक भगिनी यांच्या वाट्याला येणारी दुर्गंधी व रोग ही दुसऱ्याच्या निष्काळजीपणाची सजा आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या समाजाने आपले उष्टे आपल्याच कोणा बंधुभगिनीच्या हातांनी निवडून घ्यावे, यासारखी विसंगती नाही. पिंपाजवळ दोन वेगळी झाकणे ठेवण्यास श्रम फारसे लागत नाहीत, दृष्टी लागते.

शासनाचे धोरण आवश्यक आहेच, पण मागणी करणाराच नसेल तर धोरणाची धार बोथट होते. कार्यालय ठरवताना भाडे आणि रोषणाई यांची चौकशी करणाऱ्या यजमानाने उरलेल्या अन्नाचे व खरकट्याचे काय होते, हा एक प्रश्न अधिक विचारावा. पदार्थांची संख्या थोडी कमी झाली म्हणून कोणाच्या घराण्याची प्रतिष्ठा उणावत नाही. नगरसेवकाला रस्ता आणि नळ यांविषयी विचारणाऱ्या नागरिकाने प्रभागातील ओल्या कचऱ्याच्या केंद्राविषयीही विचारावे. उत्सवाच्या महाप्रसादापासून शाळेच्या स्नेहभोजनापर्यंत, समाजातील सज्जनशक्ती जेथे जेथे पंगत मांडते, तेथे वाढण्याइतकीच आवरण्याची व्यवस्थाही तिने आपली मानावी. अन्नदान हे श्रेष्ठ दान खरे. पण त्याचे पुण्य यजमानाने घ्यावे आणि उष्टे नारेगाव-फुरसुंगीने सोसावे, हा व्यवहार धर्माचा नव्हे.