मानधन मागणं म्हणजे पाप का?

"समाजकार्यात कसले गं पैसे मागायचे?" दोन वर्षांपूर्वी हे वाक्य मीच बोलले होते. आज त्याची लाज वाटते.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत आमच्या महिला मंडळाने शाळकरी मुलांची बुद्धिबळ स्पर्धा घेतली. प्रवेश फी १५० रुपये. ९० मुलं आली, म्हणजे १३,५०० रुपये. गावातल्या दुकानदारांनी ६,५०० दिले. एकूण जमा २०,०००. खर्च म्हणाल तर सभागृहाचं भाडं २,५००, दोन पंचांचं मानधन ३,०००, चषक-पदकं ४,५००, रोख बक्षिसं ५,०००, नाश्ता-पाणी ३,०००, बॅनर आणि प्रमाणपत्रं १,०००. उरले हजार रुपये मंडळाच्या खात्यात गेले.

आणि संयोजन करणाऱ्या मैत्रिणीला? शून्य! महिनाभर शाळा-शाळा फिरून तिने नावं गोळा केली, पट आणि घड्याळं उसनी आणली. बुद्धिबळात बहुतेक ठिकाणी स्विस लीग पद्धत असते. हरलेलं मूल घरी जात नाही, सगळ्या फेऱ्या खेळतं. त्यामुळे दर फेरीनंतर गुण मांडून नव्या जोड्या लावायच्या. पंचांच्या मदतीला दोन्ही दिवस तीच! पेट्रोल, फोनचा खर्चही तिचाच. बैठकीत तिने हळूच विषय काढला, तेव्हा मी ते वाक्य फेकलं. वर कुणीतरी कुजबुजलं, "एवढी फी जमली, गेली कुठे?" हिशेब आम्ही कुणाला दाखवलाच नव्हता ना! तिला ते फार लागलं. पुढच्या वर्षी तिने हात जोडले आणि स्पर्धा झालीच नाही.

पंचांना, सभागृहवाल्याला पैसे देताना कुणी कुरकुरत नाही. मग बाईच्या कष्टालाच 'सेवा' का म्हणायचं? घरातही तेच, बाहेरही तेच!

यंदा मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आधी अंदाजपत्रक मांडलं, तेही साठच मुलं येतील असं धरून. संयोजिकेचं मानधन २,००० रुपये आधीच ठरवलं. "उरेल ते तुझं" असं मुद्दाम केलं नाही. नाहीतर मुलांच्या पोह्यांना आणि बक्षिसांना कात्री लावायचा मोह होतो. ज्यांना फी परवडत नाही, अशा दहा मुलांची फी देणगीतून भरली. आठ दिवसांत सगळा हिशेब शाळेच्या फलकावर लावला.

एका पालकांनी वाचून विचारलंच, "संयोजिकेला दोन हजार?" शेजारची एक आई म्हणाली, "महिनाभर राबली ती. कमीच आहेत!"

ज्यांना विनामोबदला काम करायचं, त्यांनी जरूर करावं. पण मानधन हिशेबात दिसू द्यावं, मग हवं तर मंडळाला देणगी देऊन पावती घ्यावी. म्हणजे पुढे येणाऱ्या गरजू बाईची वाट बंद होणार नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलीही पट मागू लागल्यात. त्यांच्यासाठी गावात दरवर्षी स्पर्धा व्हायला हवी. ती भरवणारी बाई टिकली, तरच हे होईल. मैत्रिणींनो, तुमच्या मंडळाच्या वहीत तिच्या नावापुढे काय लिहिलंय, बघा बरं एकदा!