दिवा कुठे हवा, हे गिलाव्याआधी ठरवा

घर बांधायला काढले की मुहूर्त पाहिला जातो, दाराचे तोंड कुठे यावे यावर चार-चार दिवस खल होतो, फरशीचा रंग ठरवायला सगळे कुटुंब दुकानात जाते. दिवे आणि प्लग कुठे असावेत हा प्रश्न मात्र गिलाव्याच्या आदल्या दिवशी वायरमन विचारतो आणि "द्या की नेहमीसारखे" असे सांगून आपण मोकळे होतो. या एका उत्तराची किंमत घरातली माणसे पुढे वीस-पंचवीस वर्षे डोळ्यांनी, मानेने आणि क्वचित जिवानेही मोजतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात.

मध्यंतरी साठीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. सारा जन्म विड्या वळण्यात गेलेला. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येते, संध्याकाळी कपाळ ठणकते, अशी तक्रार. चष्मा नुकताच बदललेला, मोतीबिंदू नाही. "मावशी, विड्या वळायला बसता कुठे?" असे विचारले तेव्हा उलगडा झाला. खोलीत एकच ट्यूब, तीही पाठीमागच्या भिंतीवर. मांडीवरच्या सुपात त्यांची स्वतःचीच सावली पडत होती! मुलाला सांगून दिवा समोर, थोडा डावीकडे आणि जवळ घ्यायला लावला. पुढच्या खेपेला त्यांनी गोळ्या मागितल्या नाहीत.

यात जादू काही नाही. बल्बपासूनचे अंतर दुप्पट झाले की मिळणारा उजेड चौथाईवर येतो. शिवाय विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोहोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याला मिळतो. नातवाला पुरणारा दिवा आजीला पुरत नाही तो यामुळेच. मंद उजेडाने डोळे कायमचे अधू होतात ही समजूत खरी नाही. पण डोळे शिणतात, माणूस पुढे वाकतो आणि मान-पाठ धरते. डोळे तपासून घ्यावेतच, पण दिव्याची जागाही तपासावी.

आपल्या सोलापुरात याला विशेष महत्त्व आहे, कारण इथे असंख्य घरे हीच कामाची जागा आहे. कुंभारीजवळ 2006 साली विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचा ताबा मिळाला. जानेवारी 2024 मध्ये रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या हाती आली. आयुष्यात प्रथमच हक्काचे घर मिळालेली ही कुटुंबे आहेत. त्याच चार भिंतींत विड्या, शिलाई, मुलांचा अभ्यास आणि स्वयंपाक चालणार. अशा घरात छताच्या मधोमध एक दिवा लावून भागत नाही. खोलीला एक दिवा हवा, तसा कामाच्या जागेलाही एक हवा. ओट्यावर उभे राहिल्यावर आपली सावली भाजीवर पडू नये, म्हणून तिथला दिवा पाठीमागे नको, समोर हवा. म्हाताऱ्या माणसांच्या खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्री लहान दिवा असावा आणि त्याचे बटण हाताशी असावे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

आता प्लगकडे वळू. पॉइंट कमी पडले की एक्स्टेन्शन बोर्ड येतो, त्याला दुसरा जोडला जातो आणि फ्रीज, मिक्सर, इस्त्री सगळे एकाच तारेवर चढते. तार तापते, जमिनीवर पसरलेल्या वायरला पाय अडकतो, रांगते मूल तिथेच बोट घालते. दोन पॉइंट जास्त घेतले असते तर हे टळले असते.

पाण्याचे तर विचारूच नका. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात पाणी आले की धावपळ उडते; ओल्या हातांनी, ओल्या पायांनी मोटर चालू केली जाते. उन्हाळ्यात पत्र्याचा कूलर चालू ठेवूनच त्यात बादली ओतली जाते. मोटर, कूलर, गिझर यांना अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट हवा, गिझरचे बटण न्हाणीघराबाहेर हवे आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी पिन काढलीच पाहिजे.

"आमच्याकडे एमसीबी आहे" असे पुष्कळजण निर्धास्तपणे सांगतात. पण एमसीबी वाचवते ती तारेला, माणसाला नव्हे! साठ वॉटचा बल्ब सुमारे 260 मिलिअँपियर वीज घेतो. त्याच्या आठव्या हिश्शाइतकी वीजही छातीतून गेली तर जिवावर बेतू शकते आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपियरची आरसीसीबी बसवावी लागते. शरीरातून वीज जमिनीत उतरू लागताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थात दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला तर तिचाही इलाज चालत नाही, तेव्हा सावधगिरी सुटता कामा नये.

खर्चाचे काय, असे कुणी म्हणेल. एका खोलीच्या फरशीला लागतो त्याहून या उपकरणाचा खर्च कमीच आहे. गिलाव्याआधी घेतलेला पॉइंट स्वस्त पडतो. नंतर भिंत फोडावी लागते, नाहीतर वायर उघडी लोंबकळत राहते.

माझे म्हणणे एवढेच की वायरमनला बोलावण्याआधी घरच्यांनी एका संध्याकाळी कागदावर घर काढावे. आजी कुठे बसते, मूल कुठे अभ्यास करते, ओल्या हाताने कोण कुठे वावरते, याच्या खुणा कराव्यात. हा कागद घरातल्या बाईने भरावा, कारण घरात सर्वांत जास्त वेळ तिचाच जातो. ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनी आज रात्रीच कामाच्या जागी बसून पाहावे. सावली हातावर पडत असेल तर चष्म्याचा नंबर बदलण्याआधी दिव्याची जागा बदलावी.